नव्या फ्रिजचा गॅस पुन्हा पुन्हा जातोय. दुकानदाराला धरायचं की कंपनीला?

सातरस्तावाला
नमस्कार मंडळी. मागच्या मार्चमध्ये नवी पेठेतल्या एका दुकानातून डबल डोअर फ्रिज घेतला. ३४ हजार, थोडे रोख दिले, बाकी हप्त्यांवर. दिवाळीच्या आधी खालचा कप्पा गार होईना. कंपनीचा माणूस आला, गॅस भरून गेला. काही दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच रडगाणं. परत गॅस. आता तोच माणूस म्हणतोय, "तुमच्याकडं व्होल्टेज वरखाली होतंय, हे वॉरंटीत बसत नाही." दुकानदार म्हणतो, "आम्ही फक्त विकतो, वॉरंटी कंपनीची." टोल फ्रीवर दर वेळी नवा तक्रार नंबर देतात आणि जुनी तक्रार परस्पर 'निकाली' दाखवतात. पुढच्या महिन्यात वॉरंटी संपतेय. घरातून सल्ला मिळालाय की हप्ते थांबवा, मग येतील पळत. काय करावं?

टमटम
सोलापूरचा उन्हाळा आणि फ्रिज बंद? शिक्षाच की बे ही.

पुणेकर_मूळचा_जुळे_सोलापूर
दुकानाचं आणि कंपनीचं नाव टाका की इथं, सगळे सावध होतील.

प्रशासक
नावं टाकू नयेत. प्रकरण वादात आहे आणि दुसरी बाजू इथं नाही. धागा उडवावा लागेल.

मेस्त्री_अण्णा
वीस वर्षं फ्रिज-एसीचं काम करतोय, सध्या होटगी रोडला. सातरस्तावाले, एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. फ्रिजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा संपत नसतो. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, इव्हॅपोरेटर, सगळी नळी बंद असते, त्यात तोच गॅस फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठंतरी लीक आहे. लीक न शोधता नुसता गॅस भरला तर तो पुन्हा जाणारच.

आणि व्होल्टेजचं म्हणाल तर व्होल्टेजनं कॉम्प्रेसरची वाइंडिंग जळते, रिले जातो, इन्व्हर्टर फ्रिज असेल तर पीसीबी, म्हणजे आतलं सर्किट, उडतो. व्होल्टेजनं नळीला भोक पडत नाही. नव्या फ्रिजची कॉइल, म्हणजे गॅसची नळी, गळत असेल तर तो बनवतानाचा दोष, नाहीतर वाहतुकीत कुठंतरी आपटला असेल. तुम्ही आतला बर्फ सुरीनं खरवडला नाही ना? तसं असलं तर मात्र विषय वेगळा.

सातरस्तावाला
अण्णा, फ्रॉस्ट फ्री आहे. आत बर्फच होत नाही, सुरी कशाला लागतेय.

मेस्त्री_अण्णा
मग झालं. पुढच्या वेळी माणूस आला की त्याला विचारा, लीक टेस्ट केली का, लीक कुठं सापडला. आणि उत्तर जॉबशीटवर, म्हणजे त्याच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून घ्या. तोंडी काहीही बोलतील, लिहायला सांगितलं की पेन थांबतंय.

काळा_कोट
वकिली करतो, ग्राहक आयोगात, म्हणजे लोक ज्याला ग्राहक कोर्ट म्हणतात तिथं, येणं-जाणं आहे. वर अण्णांनी जे सांगितलं तोच या प्रकरणाचा कणा आहे. कायदा नंतर येतो, आधी 'दोष नेमका काय' हे कागदावर यावं लागतं. आयोगापुढं हरणाऱ्या तक्रारी पाहिल्या की बहुतेक ठिकाणी ग्राहक खरा असतो, पण त्याच्याकडं बिल आणि राग सोडून काहीच नसतं.

दुकानदार की कंपनी, तर दोघंही. पैसे तुम्ही दुकानदाराला दिलेत, वस्तू कंपनीनं बनवलीय. तक्रारीत दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा, आपसांत कुणी किती भरायचं ते त्यांनी बघावं. दुकानदाराला सोडलं तर कंपनी म्हणते दुकानात हाताळताना आपटला असेल, कंपनीला सोडलं तर दुकानदार म्हणतो मी पेटी उघडलीसुद्धा नाही. दोघं समोर असले की हा टोलवाटोलवीचा खेळ बंद पडतो.

वॉरंटी पुढच्या महिन्यात संपतेय म्हणून घाबरू नका. वॉरंटी चालू असताना जो दोष कळवलात आणि जो दूर झाला नाही, तो वॉरंटी संपल्यानं माफ होत नाही. फक्त 'त्या काळात कळवला होता' याचा पुरावा हवा. म्हणून आजच ईमेल करा, सगळे जुने तक्रार नंबर त्यात लिहा. आयोगात जायची मुदत दावा करण्याचं कारण घडल्यापासून २ वर्षं आहे, ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ६९.

हप्ते अजिबात थांबवू नका. कर्ज देणारी फायनान्स कंपनी वेगळी, तिचा करार वेगळा. तिला फ्रिजशी देणंघेणं नाही. दंड लागेल, सिबिल खराब होईल आणि मूळ भांडणात एक पैशाचा उपयोग नाही.

सातरस्तावाला
कोट साहेब, खूप आभार. पण कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला आहे. बिलाच्या मागं बारीक अक्षरात 'सर्व वाद दिल्ली न्यायालयाच्या अधीन' असं छापलंय. तिकडं कोण जाणार?

काळा_कोट
जायचं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातला हा सगळ्यात मोठा बदल. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि १९८६ चा जुना कायदा गेला. ग्राहक जिथं राहतो किंवा कामधंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कलम ३४. सोलापूरचा माणूस सोलापुरात. बिलामागच्या त्या ओळीनं तुमचा हा हक्क जात नाही.

वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. आणि किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. लक्षात घ्या, हिशोब मोजलेल्या किमतीचा आहे, तुम्ही मागाल त्या नुकसानभरपाईचा नाही. जुन्या कायद्यात भरपाई फुगवून लोक वरच्या आयोगात जायचे, ते आता बंद.

वकील लागतोच असं नाही, स्वतः मांडता येतं. माझ्या पोटावर पाय येईल, पण ३४ हजारांच्या फ्रिजसाठी आधी स्वतःच सुरुवात करा.

टमटम
तीन महिन्यांत निकाल असं कायद्यात लिहिलंय म्हणे. 😀

काळा_कोट
लिहिलंय. कलम ३८ मध्ये ३ महिने, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर ५ महिने. प्रत्यक्षात वर्ष, दीड वर्ष, कधी जास्तही धरून चाला. खोटी आशा दाखवणार नाही. पण एक बाजू लोकांना माहीत नसते: सामनेवाल्याला म्हणणं मांडायला ३० दिवस आणि वर फार तर १५ मिळतात. त्यापुढं एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये ठरवून टाकलंय. त्यामुळं नोटीस लागली की कंपनीच्या कायदा विभागाला हलावं लागतं, आणि बरीच प्रकरणं तिथंच तडजोडीला येतात.

गल्ल्यावरून
मी दुकानदार, पण इलेक्ट्रॉनिक्सचा नाही, टिळक चौकाकडं कापडाचं दुकान आहे. सगळे दुकानदारांवर घसरण्याआधी आमचंही ऐका. फ्रिजवाल्याची चूक असेल, पण आमच्याकडं काय होतं? लग्नाला साडी नेतात, नेसतात, आणि सोमवारी 'रंग आवडला नाही' म्हणून परत. घडीला हळदीचा डाग असतो बघा. म्हणून आम्ही पाटी लावतो, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. ह्यात काय चुकलं?

काळा_कोट
दादा, तुमचा त्रास खरा आहे आणि कायदाही त्यात तुमच्या बाजूनं आहे. रंग आवडला नाही, बायकोला पसंत पडली नाही, हा दोष नव्हे. तिथं बदलून देणं ही तुमची मर्जी.

पण पाटीत 'सदोष असला तरी' हे आपोआप येतं आणि तिथं ती गळून पडते. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा, कलम २(४७). बिलावर मुदत लिहिली असेल तर तेवढ्यात, नसेल तर ३० दिवसांत. पहिल्या धुण्यात साडीचा जरीचा काठ सुटला, आत विणीचा दोष निघाला, तर पाटीकडं बोट दाखवता येणार नाही. पाटी बदला आणि हेच बिलावरही छापा: 'नापसंतीमुळे माल परत नाही, दोष असल्यास बिलासह ७ दिवसांत या'. तुम्हीही सुरक्षित, गिऱ्हाईकही.

गल्ल्यावरून
हे बरं सांगितलंत. छापून घेतो. बाकी बिलाचं म्हणाल तर गिऱ्हाईकच म्हणतं "बिल नको, जीएसटी कमी करा".

काळा_कोट
आणि दोष निघाला की तेच गिऱ्हाईक माझ्याकडं येऊन बसतं, हातात कोरी पिशवी. बिल न देणं हीसुद्धा त्याच कलमात अनुचित प्रथा आहे, पण आपणच नको म्हटलं तर भांडायचं कुणाशी? कच्ची चिठ्ठी, यूपीआयचा व्यवहार, दुकानदाराचा व्हॉट्सअॅप मेसेज, यावरून खरेदी सिद्ध करता येते, पण वाट अवघड होते.

सुईदोरा
ताई-दादांनो, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी अशोक चौकाच्या मागं राहते, घरीच शाळेचे युनिफॉर्म शिवते, कारखानदाराकडून कटिंग आणते. बचत गटाचं कर्ज काढून ओव्हरलॉक मशीन घेतली, ३८ हजारांची. सुरुवातीपासून टाका सोडते, सुई मोडते. दुकानदार म्हणाला, "ही धंद्याची मशीन आहे, तुम्ही ग्राहक नाही, ग्राहक कोर्टात कुणी घेणार नाही." खरं का हे? जूनच्या आधीचा सीझन हातचा गेला तर वर्ष गेलं.

काळा_कोट
ताई, खरं नाही. अर्धं खरं आहे, म्हणून जास्त धोक्याचं.

कायदा म्हणतो की व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक नाही. पण लगेच पुढं स्पष्टीकरण आहे: स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू 'व्यापारी कारणा'त येत नाही. स्वतः रिक्षा चालवणारा, स्वतः लेथवर उभा राहणारा हे ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलंय. मदतीला एक-दोन माणसं असली तरी ग्राहकपण जात नाही. आपल्याकडं एमआयडीसीत पन्नास मशीन टाकून कामगार लावणारा गारमेंटवाला मात्र यात बसणार नाही, त्याला दिवाणी न्यायालय. घरात बसून स्वतः पायडल मारणारी तुम्ही बसता.

फक्त तक्रारीत पहिल्याच पानावर ठळक लिहा: 'ही मशीन मी स्वतः चालवते, यावरच माझा उदरनिर्वाह आहे'. हे वाक्य नसलं की समोरचा पहिला आक्षेप तिथंच घेतो. सोबत कर्जाचा कागद जोडा. कारखानदाराकडून कामाच्या मजुरीची नोंद किंवा वही असेल तर तिची प्रत द्या. बुडालेल्या मजुरीची भरपाई त्यावरूनच मागता येईल.

सुईदोरा
वही आहे. रोजचे नग लिहिते मी. देव पावला.

मेस्त्री_अण्णा
अक्का, टाका सोडतानाचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. दोन-तीन वेगळ्या कापडांवर, वेगळ्या दोऱ्यानं. नाहीतर म्हणतील दोरा हलका वापरता.

बार्शीकर
शेतकऱ्याचं काय ओ? कांद्याचं बी घेतलं, नामांकित पिशवी, रोप छान आलं, लावण केली आणि निम्म्या रानात डेंगळे, कांदा पोसायच्या आधीच फुलाचे दांडे. कंपनीचा माणूस आला, "हवामानामुळं झालं" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. शेती हा धंदाच ना, मग आम्ही ग्राहक का नाही?

काळा_कोट
आहात. बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये स्पष्ट केलंय. त्याच निकालातली दुसरी गोष्ट जास्त कामाची. कंपन्या म्हणायच्या, बी प्रयोगशाळेत तपासून आणा. शेतकरी सगळं बी पेरून टाकतो, तपासायला ठेवणार काय? हे न्यायालयानं मान्य केलं.

पण तुम्हाला पंचनामा हवा, आणि तो पीक रानात उभं असतानाच. आजच तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तालुका तक्रार निवारण समिती पाहणी करून अहवाल देते. पाहणीच्या वेळी कंपनीच्या माणसाला कळवलं होतं, हे अहवालात यायला हवं, नाहीतर नंतर तो अहवालच एकतर्फी म्हणतील. डेंगळे थंडीनं आणि लावणीची वेळ चुकल्यानंही येतात हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. म्हणून शेजारच्या रानात त्याच तारखेला दुसरं बी लावलं असेल तर तिथली स्थिती पंचनाम्यात नोंदवून घ्या. हवामान दोघांना एकच होतं, हे त्यातून आपोआप दिसतं.

रिकामी पिशवी, टॅग, लॉट नंबर, बिल. पिशवी जाळली नाही ना?

बार्शीकर
गोठ्यात हाय. माळ्यावर नेऊन ठेवतो, उंदीर खातील नायतर.

टमटम
एसटी स्टँडवर पाण्याची बाटली २५ ला देतात, त्याचं बघा की कुणीतरी.

पुणेकर_मूळचा_जुळे_सोलापूर
विषयांतर. पण एमआरपीपेक्षा जास्त घेतल्याची तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडं होते, आयोगाची गरज नाही.

मुद्द्याचं: ऑनलाइन घेतलेल्या वस्तूंचं काय? मी ट्रिमर मागवला, वापरलेला आला. 'रिटर्न विंडो क्लोज्ड' म्हणतायत.

काळा_कोट
२०२० चे ई-कॉमर्स नियम बघा. प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव वेबसाइटवर द्यावं लागतं. त्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निराकरण द्यायचं असतं. सदोष, वर्णनाशी न जुळणारी किंवा ठरल्या वेळेनंतर आलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. चॅटवरच्या रोबोटशी भांडू नका, त्या अधिकाऱ्याच्या ईमेलवर लिहा. जमलं नाही तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण छोट्या ऑनलाइन तक्रारींना तिचा धक्का बऱ्याचदा पुरतो.

सातरस्तावाला
कळवतो. काल कंपनीचा माणूस आला होता. अण्णांनी सांगितल्याप्रमाणं विचारलं, "लीक टेस्ट केली का?" आधी टाळाटाळ केली. मी म्हटलं, "व्होल्टेजमुळं गॅस गेला असं जॉबशीटवर लिहा आणि सही करा." तर म्हणाला, "तसं कसं लिहू साहेब, आम्हालाही वर उत्तर द्यावं लागतं." शेवटी लिहिलं: 'गॅस कमी, आतील कॉइलमध्ये गळतीची शक्यता'. व्होल्टेजचा शब्द नाही. फोटो काढलाय.

आता पत्राचा मसुदा केलाय, बघता का:

"प्रति, दुकान आणि कंपनीचे तक्रार अधिकारी. आपण मला निकृष्ट फ्रिज देऊन माझी घोर फसवणूक केली आहे. वारंवार तक्रार करूनही आपण उर्मटपणे दुर्लक्ष केले. तरी नवीन फ्रिज, पूर्ण पैसे परत आणि मानसिक त्रासापोटी ५ लाख रुपये त्वरित द्यावेत, अन्यथा पोलीस केस व कोर्ट केस करून बदनामी करण्यात येईल."

काळा_कोट
जॉबशीट मिळालं, फार मोठं काम झालं. आता पत्राला कात्री लावू.

'घोर फसवणूक', 'उर्मटपणे' काढा. 'पोलीस केस' आणि 'बदनामी' तर नक्कीच काढा, उद्या तेच पत्र तुमच्याविरुद्ध धमकी म्हणून दाखवतील. 'वारंवार'च्या जागी प्रत्येक तक्रार नंबर आणि तारीख. मॉडेल नंबर, अनुक्रमांक, बिल नंबर घाला, ते अजिबात नाहीत.

नवीन फ्रिज 'आणि' पैसे परत, दोन्ही मागता येत नाही. 'कॉइल पूर्ण बदलून द्या, ते शक्य नसेल तर फ्रिज बदलून द्या, अन्यथा किंमत व्याजासह परत करा' अशा क्रमानं लिहा. सुटा भाग बदलून दोष जात असेल तर अख्खी वस्तू बदलून मिळत नाही, असा २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एका मोटारीच्या प्रकरणात आहे. कंपन्या तो पहिल्या दिवशी काढतात. म्हणूनच 'पुन्हा पुन्हा दुरुस्ती करूनही दोष गेला नाही' हे तारखांनिशी दाखवायचं.

५ लाख मागितले तर फी वाढणार नाही, पण आयोगाला पहिल्याच पानावर तुम्ही लोभी दिसाल. फ्रिज बंद असतानाचा खर्च, सुट्टी टाकून थांबलेले दिवस, असं हिशोबात बसेल तेवढं मागा.

उत्तराला १५ दिवस द्या. कायद्यानं अशी नोटीस सक्तीची नाही, पण ती दिलेली असली की तुम्ही समंजस दिसता. स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह पाठवा, आणि तीच प्रत ईमेलवर. व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट पुढं लागतील. त्यांच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र जोडावं, फोन मात्र तोपर्यंत बदलू नका. १५ दिवसांत काही हललं नाही तर तक्रार, शपथपत्र आणि कागदांच्या प्रती. ऑनलाइन भरायचं असेल तर जुनं ई-दाखिल आता ई-जागृती पोर्टलमध्ये गेलंय.

सातरस्तावाला
समजलं. एक शंका. पत्र मिळाल्यावर त्यांनी पुन्हा गॅस भरायला माणूस पाठवला तर? हाकलून देऊ का?

काळा_कोट
हाकलू नका. उद्या म्हणतील दुरुस्ती करू दिली नाही. येऊ द्या, पण जॉबशीटवर सही करताना खाली लिहा: 'कायमस्वरूपी दोष दूर झालेला नाही, माझा हक्क राखून'.

मेस्त्री_अण्णा
आणि गॅस भरण्याआधी लीक शोधला का ते समोर उभं राहून बघा. आताच्या फ्रिजमध्ये आर-६००ए असतो, पेट घेणारा गॅस आहे. घाईत काम करत असला तर खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅसची शेगडी बंद करा.